जिल्हेजच्या दहा संध्याकाळी

रमजानमध्ये घराला घडी आपोआप बसते. सहेरीला सगळे उठतात, इफ्तारला एकाच दस्तरखानावर जमतात, तरावीहच्या वेळी टीव्हीसुद्धा न सांगता बंद होतो. जिल्हेजचं तसं होत नाही. चाँद दिसतो आणि घरात बोलणं सुरू होतं ते बकऱ्याचं. कितीला मिळाला, दात किती, वजन किती भरेल. पोरांच्या मोबाइलवर बकऱ्याचे फोटो किमतीसकट झळकू लागतात. (किंमत कशासाठी लिहायची, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.) वास्तविक या दहा दिवसांतील सत्कर्मे अल्लाहला इतर कोणत्याही दिवसांतील सत्कर्मांहून अधिक प्रिय असल्याचं सहीह हदीसमध्ये आलं आहे. सूरह फज्रमध्ये ज्या दहा रात्रींची शपथ घेतली आहे त्या याच, असं बहुतेक भाष्यकारांचं मत आहे. त्यातून सध्या हे दिवस उन्हाळ्याच्या सुटीत येतात. मुलं घरीच असतात. तरीही नऊ दिवस निघून जातात आणि दहाव्या दिवशी आपण ईदगाहची वाट धरतो.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही उभयतांनी एक साधी गोष्ट ठरवली. मग्रिबच्या नमाजनंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी ओसरीवर बसायचं. मोबाइल स्टीलच्या डब्यात, आणि डबा दादीच्या मांडीजवळ. कुरआनच्या दोन-चार आयती अरबीतून आणि लगेच त्यांचा मराठी तर्जुमा. घरात उर्दू किताबांचं कपाट भरलेलं असलं तरी मराठी शाळेत शिकणारी आमची मुलं ते उघडत नाहीत, हे कबूल केलेलं बरं. मग ज्याला जे वाटेल ते त्याने बोलायचं. चहा मोठ्या मुलाने करायचा. दीनच्या नावाखाली घरातल्या बाईचं आणखी एक काम वाढायला नको.

चाँद दिसला त्याच संध्याकाळी पहिली बैठक झाली. कुर्बानी करणाऱ्याने चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस आणि नखं कापू नयेत, ही हदीस वाचली. धाकटीने लगेच आपली नखं पाहिली आणि विचारलं, “म्हणजे आपणपण हाजींसारखे?” एहरामातला हाजीही केस-नखं कापत नाही, हे तिचं तिलाच सुचलं होतं. आम्हाला वाटलं, जमलं बुवा.

पण दुसरी आणि तिसरी संध्याकाळ फसली. आम्ही बयान करत राहिलो, धाकटी झोपली आणि मोठा डब्याकडे बघत बसला.

चौथ्या संध्याकाळी हजरत हाजरा (अ.स.) यांचा विषय होता. ना शेती ना पाणी अशा खोऱ्यात हजरत इब्राहीम (अ.स.) त्यांना आणि तान्ह्या बाळाला सोडून निघाले, तेव्हा ‘हा अल्लाहचा हुकूम आहे का’ असं त्यांनी विचारलं. होकार मिळाल्यावरच त्या निश्चिंत झाल्या. पुढे बाळाच्या पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्या सात वेळा धावल्या. हज-उमरा करणाऱ्यांना आजही ती सई करावी लागते, सुमारे तीन किलोमीटर चालणं होतं. एवढं सांगून आम्ही थांबलो, तर दादी बोलू लागली. बहात्तरच्या दुष्काळात ती या घरात नवी नवरी होती. विहीर आटली, तेव्हा पहाटे अंधारात दोन घागरी घेऊन ती ओढ्यात झरा खणायला जायची. वाटीवाटीने घागर भरायची. “एक दिवस घागर फुटली,” ती म्हणाली, “आणि मी तिथंच बसून रडले. घरी कुणाला सांगितलं नाही.” इतक्या वर्षांत हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. कारण कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री पंधरा मिनिटांचा तास झाला.

सहाव्या संध्याकाळी मात्र आमचीच परीक्षा झाली.

त्याच महिन्यात मोठ्याचा दहावीचा निकाल लागला होता. गुण चांगले होते. अकरावी सायन्स, मग पुढचं पुढे, असं आम्ही उभयतांनी ठरवून टाकलं होतं. तो दोन-तीनदा आयटीआयचं नाव घेऊन पाहत होता. त्याला वायरमन व्हायचं होतं. मोहल्ल्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात तो सुटीभर पंखे आणि मोटारी उघडून बसायचा. आम्ही ते हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर नात्यात काय सांगायचं, ही आमची काळजी होती.

त्या दिवशी सूरह साफ्फातमधला प्रसंग वाचला. पिता पुत्राला आपलं स्वप्न सांगतो आणि पुढे विचारतो की, तुझं काय मत आहे, तू विचार कर. पुत्र म्हणतो की, जो हुकूम झाला आहे तो पूर्ण करा, मी सब्र करणाऱ्यांपैकी निघेन. आम्ही पुत्राच्या आज्ञाधारकपणावर बोलू लागलो. दरवर्षी तेच ऐकत आलो आहोत. मोठ्याने मध्येच म्हटलं, “अब्बू, पण त्यांनी आधी विचारलं ना?”

कोणीच काही बोललं नाही. तो चहाचे कप घेऊन आत गेला.

अल्लाहचा हुकूम होता, तरीही एक पैगंबर आपल्या मुलाला विचारतात. आमच्या मागे तर असा कुठलाही हुकूम नव्हता, फक्त नात्यातल्या लोकांची तोंडं होती. त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत जागे होतो. सातव्या आणि आठव्या संध्याकाळी आयती वाचल्या, अर्थ वाचला, पण कोणी मोकळं झालं नाही.

नवव्या दिवशी घरात सगळ्यांनी अरफ्याचा रोजा ठेवला. गेल्या आणि येत्या वर्षाच्या गुनाहांचा कफ्फारा होणारा हा रोजा. दादीला साखरेचा त्रास आहे, तिला आम्ही आग्रहाने थांबवलं. फजरपासून प्रत्येक नमाजमागे तकबीर सुरू झाली होती. संध्याकाळी इफ्तार, नमाज आणि मग दहावी, शेवटची बैठक. कुर्बानीचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तक्वा, या आशयाची सूरह हजमधली आयत आम्ही काढून ठेवली होती. पण किताब उघडण्याआधी आम्ही मोठ्याला विचारलं, “तुझं काय मत आहे?”

तो बराच वेळ बोलला. कोणता ट्रेड, किती वर्षं, कुठलं केंद्र, त्यानं सगळं काढून ठेवलं होतं. मध्ये दादीने एवढंच विचारलं, “आपल्या बोअरची मोटार तूच दुरुस्त केलीस ना रे?”

आयटीआयच्या अर्जावर आम्ही सही केली. आमच्यापैकी एकाचं मन अजूनही पूर्ण मानलेलं नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. लग्नकार्यात कोणी ‘सायन्स का नाही’ म्हणून विचारलं की उत्तर देताना अजून जरा अडखळायला होतं.

यंदा चाँद दिसला की पहिल्या संध्याकाळी तर्जुमा तो वाचणार आहे. चहाचं काम आता धाकटीकडे आलं आहे. डबा मात्र दादीच्याच मांडीजवळ राहील.