पिशवी काढल्यानंतरची हाडं

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण दर सहाजणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांमध्ये हेच प्रमाण 2.6 टक्के होतं.

कारणं बहुतेकांना ठाऊक झाली आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. पाळीच्या त्रासात एक दिवस खाडा पडला तरी दंड. फडाशेजारच्या कोपीत ना न्हाणीघर, ना संडास. त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरं जाणं, आणि दवाखान्यात गेल्यावर कॅन्सरची भीती. मग तिशीच्या आसपासची, दोन-तीन मुलं झालेली बाई कर्ज काढून ‘पिशवी’ काढून घेते.

त्यानंतर नियम आले. बीडमधल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये दिला. हे आवश्यकच होतं. पण हा सगळा बंदोबस्त पुढच्या शस्त्रक्रियांसाठी आहे. ज्या 13,861 जणींची मोजणी झाली, त्यांच्या शरीरात पुढे काय घडतं आहे, यावर जवळजवळ कुणीच बोलत नाही.

घडतं ते मुख्यतः हाडांत. हाड एकदा बनलं की तसंच राहतं, हा समज चुकीचा आहे. शरीर जुनं हाड सतत झिजवत असतं आणि नवं भरत असतं. झिजवणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं आणि ते प्रामुख्याने बीजांडकोशात तयार होतं. अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी 1941 मध्येच पाळी जाणं आणि हाडं विरळ होणं यांचा संबंध दाखवून दिला होता. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत स्त्रीच्या हाडांची घनता 10 ते 20 टक्क्यांपर्यंत घटू शकते. भारतीय बाईच्या आयुष्यात हा काळ साधारण सेहेचाळिसाव्या-सत्तेचाळिसाव्या वर्षानंतर येतो. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर तो शस्त्रक्रियेच्या दिवशीच सुरू होतो. बीजांडकोश शाबूत ठेवले तरी त्यांचं काम काही वर्षं लवकर थांबण्याचा धोका असतोच.

आणि ही बाई पुन्हा फडातच जाते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकमध्ये चढते. विरळ झालेला मणका अशा ओझ्याखाली दबून चेपू शकतो. पडल्याशिवाय, आवाज न होता तो मोडतो. कंबरदुखी म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणली जाते, तिच्यावर दिवस निघतो आणि हाड तपासायचं राहून जातं.

शस्त्रक्रियेत नेमकं काय काढलं, हेही अनेकींना सांगता येत नाही. बीजांडकोश ठेवले की नाही, यावर पुढचे सगळे उपचार अवलंबून असतात. ही ओळ डिस्चार्ज कार्डावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहून देणं रुग्णालयांना बंधनकारक करायला हवं. त्याला खर्च जवळजवळ काहीच येणार नाही.

उपचार आहेत आणि ते परग्रहावरचे नाहीत. एवढ्या लहान वयात बीजांडकोश गेले असतील, तर स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखी अडचण नसल्यास पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं स्त्रीरोगशास्त्र सांगतं. गर्भाशयच नसल्यामुळे त्याच्या अस्तराच्या संरक्षणासाठी द्यावं लागणारं दुसरं संप्रेरकही सहसा लागत नाही. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनंतर संप्रेरकांची धास्ती जगभर पसरली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय साठीच्या पुढचं होतं. बत्तीस वर्षांच्या ऊसतोड बाईला तो निष्कर्ष लावून औषध नाकारणं म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं.

आहाराचा सल्ला मात्र जपून द्यायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. पहाटे उठून थापलेल्या भाकरी-ठेच्यातून त्याचा लहानसा वाटाच मिळतो. तिला ‘दूध प्या’ सांगणाऱ्यांनी दूध कुठून येणार हेही सांगावं. ती दिवसभर उन्हात असते, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर असेल असंही धरता येत नाही. पाचटाने अंग कापू नये म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला फडकं असतं. तिच्या रक्ताची तपासणीच करावी लागेल.

तिची मुलगी या गोष्टीत येतेच. वाढीचा वेग सर्वाधिक असतो त्या सुमारे दोन वर्षांत, मुलींच्या बाबतीत साधारण बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास, प्रौढपणीच्या हाडांपैकी जवळपास चौथा हिस्सा तयार होतो. हीच वर्षं ही मुलगी फडावर भावंडं सांभाळण्यात घालवते. शाळेबरोबर तिथला पोषण आहारही सुटतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के तरुणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं, तर राज्यात हे प्रमाण 21.9 टक्के होतं. स्वतःची हाडं भरायची असताना पोटातल्या बाळाला कॅल्शियम पुरवायचं, आणि आईच्याच वाटेने तिशीत पिशवी काढायची. अशा मुलीजवळ आईइतकीही शिल्लक नसेल.

गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या गावी परततात आणि दसरा-दिवाळीपर्यंत बहुतेक बायका घरी सापडतात. आशा ताईंना त्यांची घरं माहीत आहेत. हाडांची घनता मोजणारं डेक्सा यंत्र बीडच्या जिल्हा रुग्णालयात बायकांना मोफत उपलब्ध हवं आणि तालुक्यांतून तिथवर नेण्याची गाडीही हवी. इस्ट्रोजेन, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळायला हव्यात. हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातही तिच्या कार्डावर त्याच गोळ्या मिळाव्यात. ज्यांची हाडं विरळ निघतील त्यांना मोळी उचलण्यातून सूट हवी आणि त्यापोटी उचल कापली जाऊ नये, ही जबाबदारी साखर कारखान्यांवर टाकायला हवी. उसाच्या टनामागे घेतल्या जाणाऱ्या रकमेतून ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ चालतं, तेव्हा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न पुढे करता येणार नाही. 2019 च्या यादीतली नावं घेऊन येत्या उन्हाळ्यात पहिली शिबिरं लागू शकतात.