छपरावर पडलेला चेंडू

अमेरिकन लोकांना बेसबॉलमधील अविस्मरणीय टोल्यांच्या याद्या करण्याचा मोठा नाद आहे. 1951 सालीं बॉबी थॉमसननें अखेरच्या डावांत टोला मारून हातचा गेलेला सामना परत आणला. 1960 सालीं बिल मॅझेरॉस्कीच्या टोल्यानें सातव्या सामन्याच्या अगदीं शेवटीं पिट्सबर्गला अजिंक्यपद मिळालें. परंतु आम्हांस विशेष वाटतो तो हँक ॲरनचा 8 एप्रिल 1974 चा टोला. त्यानें बेब रूथचा 714 टोल्यांचा विक्रम मोडला. ॲरन कृष्णवर्णीय; तो गोऱ्या रूथला मागें टाकणार, एवढ्यावरून चिडलेल्या लोकांचीं धमकीचीं पत्रें त्याला कित्येक महिने येत होतीं. चेंडू किती दूर गेला यापेक्षां तो कोणीं मारला व कोणाच्या डोळ्यांदेखत मारला, हेंच मग पाहावें लागतें.

या दृष्टीनें आपल्याकडील पहिला मान 1 डिसेंबर 1926 या दिवसाला दिला पाहिजे. आम्हां वैनगंगेकांठच्या लोकांना त्याचा थोडा अधिक अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील. कारण त्या दिवसाचा नायक नागपूरचा. कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजीं नागपुरास झाला. 1916 सालीं युरोपियनांविरुद्ध हिंदु संघातर्फे ते मुंबईस प्रथम खेळावयास आले, तेव्हां 79 धांवांत सात गडी बाद झालेले. त्यांनीं तीन चेंडू नुसते अडविले व चौथा सीमेपार भिरकावला.

पुढें दहा वर्षांनीं आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानांत आला. मुंबई जिमखान्यावर हिंदु संघाशीं सामना. या जिमखान्याच्या मैदानावर खेळावयास आमच्या लोकांना मज्जाव नव्हता. सभासद होण्यास मात्र होता! पाहुण्यांपैकीं गाय अर्ल यानें आठ षटकारांसह 130 धांवा झोडपल्या. साहेबाची ताकद ती साहेबाचीच, असें प्रेक्षकांपैकीं कित्येकांच्या मनांत आलें असेल. दुसऱ्या दिवशीं नायडू मैदानांत उतरले. ताडमाड देह, ताठ चाल, आणि मॉरिस टेटसारखा कसलेला गोलंदाज समोर. बातमी शहरांत पसरली तशी गर्दी वाढत गेली. अवघ्या दोन तासांच्या आंत 153 धांवा, आणि त्यांत अकरा षटकार! त्यांपैकीं एक चेंडू उडाला तो थेट जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. ज्या छपराखालीं नायडूंना सभासद म्हणून बसतां येत नव्हतें, त्याच छपरावर! पाहुण्यांनींही मोठ्या मनानें त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

या टोल्यांचा परिणाम टाळ्यांपुरताच राहिला नाहीं. हिंदी खेळाडू बरोबरीनें खेळूं शकतात अशी गिलिगन यांची खात्री पटली. डिसेंबर 1928 मध्यें क्रिकेटचें नियामक मंडळ स्थापन झालें, आणि 25 जून 1932 रोजीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. कर्णधार अर्थातच नायडू.

घरांतील तरुण मंडळी येथें हटकतील, की 2 एप्रिल 2011 चा धोनीचा षटकार कोठें गेला? तो वानखेडे मैदानावर पडला व विश्वचषक घरीं आला, हें आम्हीं कसें विसरूं? परंतु त्या वेळीं अकरा चेंडूंत चारच धांवा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. तो टोला म्हणजे लग्न लागल्यावर वाजलेले ताशे. 1926 सालीं लग्न ठरेल कीं नाहीं, याचीच पंचाईत होती. आमचें हें मत मान्य नसेल त्यांनीं माजघरांत खुशाल वाद घालावा.

सुगी आटोपून धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या, कीं लाखांदुरास पोरें चेंडूफळी घेऊन निघतात. फळी नव्हती तेव्हां विटीदांडू होता. त्यांत टोला लांब गेला कीं दांडूनें अंतर मोजीत "वकट, लेंड, मूंड" असा घोष मराठी मुलुखांत चाले. हे आंकडे मराठी नव्हत. तेलुगूंतील एक, दोन, तीनच ते. आणि नायडूंचें घराणेंही तेलुगूच.