वॉर्डात तोंड उघडायची भीती कोणाच्या जिवावर?

दवाखाना सरकारी असो की खासगी, तिथे काम करणारी माणसे एका शिडीवर उभी असतात. सर्वांत वर मोठे डॉक्टर, मग शिकाऊ डॉक्टर, मग सिस्टर, त्याखाली वॉर्डबॉय आणि आया, आणि तळाला कंत्राटी सफाई कामगार. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती पांढऱ्या कोटाआडही जिवंत आहे. खालच्या पायऱ्यांवर आपल्याच वस्त्यांतले कितीतरी भाऊ-बहिणी राबतात.

रुग्णाच्या जवळ मात्र जास्त वेळ हीच माणसे असतात. सलाईनचा हात सुजला, म्हातारीचा श्वास बदलला, हे मावशीला आधी दिसते. पण ती गप्प राहते, कारण मागे बोलली तेव्हा "तुला काय कळतं?" हे चारचौघांत ऐकावे लागले. आम्हा परिचारिकांचेही तेच. लिहून दिलेला डोस जास्त वाटला, तरी मोठ्या डॉक्टरांना विचारताना छातीत धडधडते.

हा प्रश्न फक्त मानापमानाचा नाही, रुग्णाच्या जिवाचा आहे. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद कमी असेल असे वाटले होते, निघाली जास्त. कारण तिथे लोक चुका लपवत नव्हते, बोलत होते. बोलल्याबद्दल अपमान किंवा शिक्षा होणार नाही, या भरवशाला 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात. याचा अर्थ हलगर्जीला माफी असा नव्हे. चूक लवकर कळली तर रुग्ण वाचतो, एवढाच त्याचा अर्थ.

असे बोलणे शिकवता येते. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या 'टीमस्टेप्स' या प्रशिक्षणात तीन पायऱ्या शिकवतात: मला काळजी वाटते, मला हे ठीक वाटत नाही, हे रुग्णाला धोक्याचे आहे. एकदा ऐकले नाही तर पुन्हा सांगायचे, हाही नियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीत चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. ही यादी दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आले, मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते.

आपल्याकडची प्रशिक्षणे आम्ही पाहिली आहेत. इंग्रजी स्लाइड, सही, चहा, संपले. सफाई कामगाराला बोलावणेच नसते. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रशिक्षण मराठीत द्या. डॉक्टरांपासून मावशीपर्यंत सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवा. खोटा रुग्ण ठेवून बोलण्याचा सराव करून घ्या. मोठ्या डॉक्टरांनी आधी म्हणावे, "माझे चुकत असेल तर मला अडवा." आणि बोलणाऱ्या कंत्राटी कामगाराचे काम जाणार नाही, हे लेखी द्या. सकाळी प्रशिक्षण आणि दुपारी सर्वांसमोर झापणे, असे झाले तर सगळे पाण्यात.

आपणही काही करू शकतो. इंजेक्शन देण्याआधी "सिस्टर, हे कशाचं आहे?" असे शांतपणे विचारा. कोणत्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती न विचारता सांगा. पण आरडाओरड आणि हाणामारी नको. माराच्या भीतीने चूक आणखी खोल लपते. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. वस्तीतल्या चार-पाच बायांनी मिळून तिच्याकडे अर्ज द्या आणि एकच विचारा: इथल्या मावशीला बोलायचे प्रशिक्षण कधी देणार?