प्रजासत्ताक दिन, कलम ३५० आणि आपण

१७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायचे आणि नऊ दिवसांनी शाळेच्या पटांगणात तिरंग्याला वंदन करायचे, हा आम्हा सीमावासीयांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. बाहेरच्या माणसाला यात विसंगती वाटते. आम्हाला वाटत नाही. १९५६ च्या जानेवारीत ज्यांनी गोळ्या झेलल्या ते देशाविरुद्ध उठले नव्हते. भाषेच्या तत्त्वावर राज्ये होणार असतील तर तोच न्याय आम्हालाही लावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तो न्याय मिळाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही म्हैसूर राज्यात ढकललो गेलो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवून, निकाल लागेपर्यंत कोणी कोणाच्या भूभागावर हक्क सांगायचा नाही, असे ठरवून दिले. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले! दावा न्यायालयात आहे, तो तिथेच लढवावा. बसगाड्यांवर दगड मारल्याने तारीख लवकर मिळत नाही. आमची पोरे मात्र फौजदारी खटल्यांत अडकतात.

परंतु निकालाची वाट न पाहता जे आजच आपले आहे, त्याचे काय? ज्या १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो, त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि घटनेत कलम ३५० अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते राज्याला सांगते. मूळचे कलम ३५० तर त्याहून जुने. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचा अर्ज देण्याचा हक्क त्यात आहे.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा उताऱ्याच्या चुकीबाबतचा मराठी अर्ज एका कार्यालयाने 'कन्नडमध्ये लिहून आणा' म्हणून परत केला. त्याने मुकाट्याने पैसे मोजून कन्नड अर्ज लिहून घेतला. अशा वेळी कलमाचा आकडा सांगून पोच मागावी. न दिल्यास अर्ज टपालाने पाठवून पावती जपून ठेवावी. उत्तर मराठीतच यावे असे ते कलम म्हणत नाही, हेही खरे. म्हणून मुलांना कन्नड आलेच पाहिजे. आमचा विरोध सक्तीला आहे, भाषेला नाही.

आता जरा कडू बोलतो. २०१४ साली कर्नाटक सरकारच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे. सरकारला मातृभाषेचीही सक्ती करता येणार नाही. म्हणजे आपले पोर मराठी शाळेत जावे की इंग्रजी, हे बंगळूर ठरवत नाही. मग मराठी शाळांचा पट का घसरतो? मोर्चात पुढे असणाऱ्यांच्या दारात सकाळी इंग्रजी शाळेची गाडी थांबते, हे आम्ही रोज पाहतो. पट घसरला की वर्ग बंद करायला सरकारला आयते कारण सापडते, आणि मग ३५० अ कोणासाठी मागायचे?

येत्या २६ जानेवारीला ध्वजवंदन झाल्यावर पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरी जावे, आणि सुरुवात समितीच्या कार्यकर्त्यांच्या घरांपासून करावी, अशी सूचना आम्ही बैठकीत मांडली आहे. त्या यादीत आमचेही घर आहे.