हाकेला ओ

पूर्वी घराला खण किती, यावरून माणसाची ऐपत ठरवीत. त्या हिशेबाने आमचे घराणे कधीच ऐपतदार नव्हते. परंतु आजमितीस आमच्या घरी टेलिफोन चार आहेत, आणि चारही एकाच नंबरचे. एक तळमजल्यावर आईच्या उशाशी, दुसरा वर आमच्या खोलीत, तिसरा स्वयंपाकघरात फ्रीजच्या डोक्यावर आणि चौथा गच्चीलगतच्या खोलीत कन्येकडे. माणसे चार, टेलिफोन चार. परवा एक स्नेही आले होते. त्यांनी हा पसारा पाहिला आणि विचारले, "का हो, मोबाईल नाहीत का तुमच्याकडे?" म्हटले, "आहेत की. आईचा धरून तेही चार." "मग हे कशाला?" चहाचा कप संपेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर देऊन होण्यासारखे नव्हते. म्हणून ते इथे देतो.

माझे लहानपण जुन्या नाशकात, एका वाड्यात गेले. सहा बिऱ्हाडे आणि मधल्या चौकात एक नळ. टेलिफोन होता तो समोरच्या वाड्यातल्या वकिलांकडे. लग्नपत्रिकेवर आम्ही बेधडक त्यांचा नंबर छापत असू आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे जोडीत असू. त्या अक्षरांचा पूर्ण अर्थ पुष्कळांना ठाऊक नव्हता. पण दुसऱ्याच्या दारी जायचे, चपला बाहेर काढायच्या आणि त्यांच्या घरच्या झाडून सगळ्या माणसांदेखत आपले सुखदुःख ओरडून सांगायचे, हा व्यवहारातला अर्थ सर्वांना पक्का माहीत होता.

वाड्याच्या आत मात्र टेलिफोनची काही गरजच नव्हती. तिथे हाक होती. पोळ्या झाल्या, पाणी आले, पोस्टमन आला, धाकट्याने थोरल्याला मारले, या सगळ्याची हाक निराळी आणि तिची चालही निराळी. त्यात आमच्या आईची हाक म्हणजे काही विचारू नका. पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा आहे ना, मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली त्या विजयाची खूण म्हणून आणलेली, तिचा नाद कोसावर ऐकू जाई असे म्हातारी माणसे सांगत. वाड्यातल्या बायका आमच्या आईलाच 'नारोशंकराची घंटा' म्हणत. मी गोदाकाठी खेळत असलो तरी तिची हाक मला ऐकू येई. निदान ती ऐकू आली नाही असे सांगण्याची सोय नव्हती.

पुढे आम्ही गंगापूर रस्त्याला राहायला आलो आणि १९९४ साली आमच्या हक्काचा टेलिफोन आला. बाबांनी नाव नोंदवले होते १९८६ साली. आठ वर्षे वाट पाहून आलेल्या पाहुण्याचा मान काही औरच असतो. बाबांनी त्याच्यासाठी सुताराकडून कुलपाची लाकडी पेटी करून घेतली आणि आईने वर क्रोशाचा रुमाल विणून घातला. किल्ली बाबांच्या जानव्याला. तो नंबर आजही आमचाच आहे. आकडे मध्ये एकदोनदा बदलले, वाढले. पण आईच्या बहिणींना, भाच्यांना, पुण्याच्या नणंदेला तोच पाठ. मोबाईलमध्ये नंबर साठवता येतात, पाठ होत नाहीत.

२०१८ साली बाबा गेले. आईचे गुडघे आधीच बोलू लागले होते, ती कायमची तळमजल्यावर राहू लागली. आम्ही वर. हळूहळू तिला ऐकू कमी येऊ लागले. ऐकू कमी येणारी माणसे मोठ्याने बोलतात असा आपला समज असतो. आईचे उलट झाले. आपला आवाज किती मोठा लागतो याचा अंदाज येईना, म्हणून तिने तो लहानच करून टाकला. काही हवे असले तर ती जिन्याच्या तळाशी येऊन उभी राही आणि कोणी खाली उतरेपर्यंत वाट पाही. एकदा मी तिला अशी पाऊण तास उभी असलेली पाहिली. विचारले, "अगं, हाक का नाही मारलीस?" म्हणाली, "तू पेपर तपासत असशील."

मोबाईल देऊन पाहिला. त्या गुळगुळीत काचेवर तिचे बोट कधी लागे, कधी लागत नसे. आणि लागे तेव्हा भलतीकडेच. मग एके संध्याकाळी मी महात्मा गांधी रस्त्यावर गेलो आणि हा बिनदोरीच्या टेलिफोनांचा जोडसंच घेऊन आलो. बटणे मोठी, आवाज वाढवण्याची सोय, आणि दुकानदाराच्या शब्दांत सांगायचे तर 'फॅमिली वाढेल तसा फोन वाढवता येतो'. फॅमिली वाढण्याचे आमचे दिवस गेले होते. टेलिफोन मात्र दोनाचे चार झाले.

याची रचना मोठी गमतीची आहे. टेलिफोनची तार जोडायची ती फक्त एका बैठकीला. त्या बैठकीने बाकीच्यांचा संसार सांभाळायचा. बाकीचे हँडसेट नुसते आपापल्या पाळण्यात बसून वीज पितात. त्यांना ना तार, ना भिंतीत भोके. नवा हँडसेट आणला की बैठकीचे बटण काही सेकंद दाबून धरायचे. ती त्याला ओळखते, क्रमांक देते आणि घरात घेते. सून घरात घेताना माप ओलांडायला लावतात त्याचाच हा प्रकार. साधारणपणे अशी एक बैठक सहा हँडसेटांपर्यंत सांभाळते. घरात पन्नास मीटर आणि उघड्यावर तीनशे मीटर एवढा पल्ला कारखानदार सांगतात. आमच्या दीड विटेच्या भिंती त्यातला पुष्कळसा खाऊन टाकतात, तरी गच्चीपर्यंत निभावते.

एवढी माणसे एकदम बोलली तर गोंधळ होत नाही का, असे मी आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी समजावले ते असे: 'डेक्ट' नावाची जी पद्धत युरोपात ठरली आणि १९९० नंतर जगभर पसरली, तीत एका सेकंदाचे शंभर भाग करतात आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा चोवीस तुकडे. ज्याने त्याने आपल्या तुकड्यात बोलायचे आणि आपल्या तुकड्यात ऐकायचे. मला एकदम वाड्यातला नळ आठवला. सहा बिऱ्हाडे, एक नळ, आणि पाळ्या ठरलेल्या! फरक एवढाच, की इथे कोणी कोणाची कळशी ढकलून देत नाही. आधीच्या काळचे बिनदोरीचे टेलिफोन असे शिस्तीचे नव्हते. त्यांवर कधीकधी शेजारच्या घरातले बोलणे आपल्याकडे ऐकू येई. पी. पी. पद्धतीचा तो शेवटचा अंश म्हणायचा.

टेलिफोन आणला खरा, पण पहिला महिनाभर आईने त्याला हात लावला नाही. "घरातल्या घरात फोन कसला करायचा?" हे तिचे म्हणणे. तेव्हा मी मास्तरकी केली. तिला सांगितले, की ग्रॅहॅम बेलने १० मार्च १८७६ रोजी बॉस्टनमध्ये टेलिफोनवरून पहिले वाक्य उच्चारले ते घरातल्या घरातच, पलीकडच्या खोलीत बसलेल्या वॉटसन नावाच्या मदतनिसाला बोलावण्यासाठी. अंगावर आम्ल सांडले म्हणून त्याने बोलावले असे वॉटसनने पुढे सांगितले आहे. म्हणजे टेलिफोन जन्मला तोच मुळी 'अरे, जरा इकडे ये' म्हणण्याकरिता. मुंबई आणि कलकत्त्याला एक्स्चेंजे १८८२ साली उघडली, गावोगावच्या तारा त्याहून पुढच्या. आणि त्या बेलची आई फार कमी ऐकू येणारी होती, बायको तर बहिरीच. हे ऐकून आईने मान डोलावली. बेलबद्दल तिला आपलेपणा वाटला असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या खोलीतला दोन नंबर वाजला. "चहा टाकते आहे. येतोस?"

त्यानंतर मात्र तिने मागे वळून पाहिले नाही. तीन नंबरवर सुनेला, "अगं, कुकरच्या शिट्ट्या पाच झाल्या." दोन नंबरवर मला, "भाजीवाला आलाय, मेथी घेऊ का?" आणि रात्री नवानंतर चार नंबर. चार नंबर म्हणजे नात. एकदा मला काही विचारायचे होते म्हणून मी वरून एक नंबर लावला, तर एंगेज टोन! माझ्या घरात, माझ्याच आईकडे, मला एंगेज टोन. वीस मिनिटांनी पुन्हा लावला, तरी तेच. खाली गेलो तर ती पांघरुणात शिरून, कानाला हँडसेट लावून, वाड्यातल्या कोणा माईचा नवरा पळून गेल्याची हकीगत सांगत होती. ही हकीगत तिने मला आयुष्यात कधी सांगितली नव्हती. समोरासमोर नातीला सांगितली असती असेही मला वाटत नाही. अंधारात, तोंड न पाहता, कानाशी बोलायला मिळाले की माणसे फार निराळी बोलतात.

हँडसेट हरवण्याचे प्रकार होतात ते सांगण्यात अर्थ नाही. बैठकीचे एक बटण दाबले की हरवलेला ओरडू लागतो. आमचा तीन नंबर एकदा कणकेच्या डब्यातून ओरडला होता. आत दोन छोट्या बॅटऱ्या असतात, त्या दोनतीन वर्षांनी दमतात, बदलाव्या लागतात. एवढे सोडले तर कौतुकच करावे अशी वस्तू आहे, असे मी गेल्या पावसाळ्यापर्यंत सर्वांना सांगत होतो.

गेल्या पावसाळ्यात जुलै महिन्यात एका रात्री मुसळधार पाऊस झाला. दोनच्या सुमारास केव्हातरी वीज गेली. मी पहाटे साडेपाचला खाली आलो तेव्हा आई पलंगाशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात डाव्या हाताने धरलेला. मांडीवर हँडसेट. न्हाणीघराकडे जायला उठली, अंधारात पाय अडखळला आणि हातावर पडली. वीज गेली त्यानंतर थोड्याच वेळाने. म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ ती तशी बसून होती. मनगटाचे हाड चिरले होते. ते पुढे प्लास्टरने जुळले.

झाले होते ते असे. हँडसेटमध्ये बॅटऱ्या भरलेल्या होत्या, पडद्यावर उजेडही येत होता. पण बैठक घरच्या विजेवर चालते. वीज गेली की बैठक मुकी, आणि बैठक मुकी की चारी हँडसेट खेळण्यातले. बाबांच्या लाकडी पेटीतला तो जुना टेलिफोन कसाही असला तरी त्याला घरच्या विजेचे काम नव्हते. त्याला लागणारी वीज तांब्याच्या तारेतूनच, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून, अठ्ठेचाळीस व्होल्टची येत असे. गाव अंधारात असले तरी टेलिफोन जिवंत. 'तोच पुन्हा लाव' असे मला दोघातिघांनी सुचवले. पण दोन वर्षांपूर्वी आमची तांब्याची तार गेली आणि तिच्या जागी काचेचा तंतू आला. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. तंतूच्या टोकाची पेटीसुद्धा घरच्याच विजेवर.

हे सगळे मला नंतर कळले, आणि कळून मी काय शहाणा झालो? त्या पहाटे मी आईला रागानेच विचारले होते, "अगं, फोन लागत नव्हता तर हाक मारायचीस! एक मजला तर वर आहोत आम्ही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बटणच दाबत राहिले रे. हाक मारायचं सुचलंच नाही."

नारोशंकराच्या घंटेला हाक मारायचे सुचले नाही. तिला बटण दाबायला शिकवणारा मास्तर मीच, पाठीवर थाप मारून 'शाब्बास' म्हणणाराही मीच.

मग उपाय सुरू झाले. राउटरसाठी मिळतो तसला छोटा बॅटरीचा डबा मी आणला, तर वायरमनने तो हातात घेऊन परत दिला. याचा व्होल्टेज वेगळा, बैठकीचा वेगळा. जोडाल तर बैठक जळेल. शेवटी बैठक आणि तंतूची पेटी दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतली. सौभाग्यवतीने आईच्या उशाशी देवघरातली जुनी पितळी घंटा आणून ठेवली. आईने ती दुसऱ्याच दिवशी देवघरात परत नेली. "जित्या माणसाने स्वतःपुढे घंटा वाजवून घ्यायची नसते," म्हणाली.

तेव्हा आमच्या कन्येने तोड काढली. रोज रात्री दहा वाजता, दिवा मालवण्याआधी, आजीने पलंगावर बसून एक हाक मारायची. यंत्राने नाही, तोंडाने. आणि वरून मी ओ द्यायची. आवाजाचा सराव राहिला पाहिजे. पहिल्या रात्री तिची हाक जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच पोहोचली असेल. मी जिन्यात कान लावून उभा होतो म्हणून कळली. आठवड्याने ती आमच्या दारापर्यंत आली. गणपतीत एका रात्री शेजारच्या बंगल्यातल्या काकूंनी खिडकीतून विचारले, "काय हो, बरं आहे ना आईंना?" मला फार बरे वाटले.

काल रात्रीही दहाला हाक आली. माझ्या लहानपणचे नाव, शेवटचा स्वर लांबवलेला. मी हातातले पेपर बाजूला ठेवून जिन्याच्या डोक्याशी गेलो आणि मोठ्याने ओ दिली. परत येऊन बसतो न बसतो तोच दोन नंबर वाजला.

"अरे, मी हाक मारली. तू ओ दिलीस का? मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा दे बघू."