नकाराचे पत्र म्हणजे निकाल नव्हे

चेन्नईत मुख्यालय असलेल्या युनायटेड इंडिया या सरकारी कंपनीचा प्रवास-विमा २००९ साली घेऊन एक ग्राहक अमेरिकेस गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्याची प्रकृती बिघडली. हृदयात तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह व रक्तातील चरबी या जुन्या व्याधींची सबब पुढे करून कंपनीने दावा फेटाळला. मधुमेहाची नोंद तर विमा उतरवतानाच्या वैद्यकीय अहवालातच होती! राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार बेकायदा ठरविला. व्याधी ठाऊक असताना विमा दिला, तर पुढे तिच्याच आधारे हात झटकता येत नाहीत, एवढे साधे तत्त्व प्रस्थापित होण्यास बारा वर्षे लागली.

इतका धीर आणि पैसा निवृत्त कारकुनापाशी कोठून असणार? त्याच्यासाठी विमा लोकपाल आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग नकारापासून वर्षभरात लोकपालाकडे अर्ज. शुल्क नाही, वकीलही नाही. २०२३ पासून ५० लाखांपर्यंतची भरपाई तेथे मिळू शकते. तक्रारदार राहतो तेथील लोकपालही चालतो. पुण्यात पॉलिसी काढून चेन्नईत बदली झालेल्यास पुण्याच्या फेऱ्या नकोत. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

पाच वर्षे अखंड हप्ते भरल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याचा आक्षेप घेता येत नाही, असे नियामकाने २०२४ मध्ये ठरविले. समितीच्या संमतीवाचून दावा नाकारू नये, असेही बजावले. ती समिती मात्र कंपनीचीच.