घरपोच मालाचा एकेरी रस्ता

ऑनलाइन खरेदीची पार्सले पोहोचविणारी यंत्रणा नांदेड-लातूरमध्ये आता चांगलीच रुजली आहे. घरोघर माल नेणाऱ्या तरुणांना त्यातून रोजगार मिळाला, ही जमेची बाजू. मात्र या विस्ताराचा लाभ ग्राहकाला जितका झाला, तितका येथील उत्पादकाला झाला काय?

निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशी पाकीटबंद डाळ ऑनलाइन विकायची, तर उलाढाल कितीही अल्प असली तरी पूर्वी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला सूट मिळाली. पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. परिणामी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला दूरची मुंबई खुली झाली, जवळचे हैदराबाद मात्र बंदच राहिले. १९४८ पर्यंत ज्या संस्थानाचा हा प्रदेश भाग होता, त्याच्या राजधानीची बाजारपेठ अशी दुरावणे अव्यवहार्य आहे.

ही सवलत परराज्यातील विक्रीलाही लागू करावी आणि बचत गटांचा माल थेट गावातून उचलण्याची सोय व्हावी. अन्यथा मराठवाडा या साखळीत केवळ गिऱ्हाईक म्हणूनच उरेल.